पंधरवड्याचा सोबती

कोल्हापूर, शनिवार पेठ,
ता. ९ जून १९१४

प्रिय जयपालदादा,

गैबीचा सलाम पोचो. मी खुशाल आहे. शिरोळला तुझ्या घरी सगळे बरे असतील, आणि कृष्णाकाठच्या रानात राबून तू आणखी काळा झाला असशील.

आधी गोड बातमी. मी पहिल्या वर्षाची परीक्षा पास झालो. इंग्रजीतसुद्धा! बाबांनी मुरगुडात घरोघर सांगितलं. "पिंजाऱ्याचं पोर कॉलेजात जाऊन काय करणार," असं म्हणणाऱ्यांच्या गाद्यांचा कापूस पिंजताना तर दोनदोनदा सांगितलं.

बोर्डिंगात स्वयंपाकाला चिमणाबाईच आहेत. तुझी फार आठवण काढतात. "त्यो शिरोळचा दिवस बुडायच्या आत जेवायचा, म्हून माझी चूल येळंवर पेटायची. आता समदी उंडारत येत्यात," म्हणाल्या.

येत्या बावीस तारखेला नव्या मुलांचा पंधरवडा सुरू होईल. रीत तीच. प्रत्येक नव्या मुलाला एक जुना सोबती, आणि पंधरा दिवस त्यानं वर्ग, लायब्ररी, प्रोफेसर सगळं ओळखीचं करून द्यायचं. यंदा सोबत्यांचा म्होरक्या म्हणून सुपरिंटेंडेंट साहेबांनी माझं नाव काढलं. ऐकून मला घामच फुटला.

तूच माझा सोबती होतास, तेव्हा गेल्या वर्षीचा मी तुला आठवत असेनच. आमच्या मशिदीत कुराण शिकलो ते झुलत, मोठ्यानं म्हणत. वाचायची दुसरी रीत असते हे मला ठाऊकच नव्हतं. लायब्ररीत तसाच बसलो, इंग्रजी पुस्तक उघडलं आणि घसा मोकळा सोडून झुलायला लागलो. सगळी खोली हसली. एकानं नक्कल केली, मग तिघांनी. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर मागची ओळ नुसती झुलत होती. मी वही तिथंच टाकली आणि कुणाला न सांगता गावची वाट धरली.

तू मला कागलात गाठलंस. गैबी पिराच्या दर्ग्यात, ज्याच्या नावाचा मी, त्याच्याच ओसरीवर रडत बसलो होतो. तू काही कोल्हापूरपासून पायी आलेला नव्हतास, पण धापा तशाच टाकत होतास. फडक्यातली भाकरी सोडलीस आणि आकाशाकडं बघितलंस. दिवस बुडाला होता, म्हणजे तुम्हा जैनांची जेवायची वेळ टळली होती. तू ती माझ्यापुढं सरकवलीस आणि मी, मेला अधाशी, तुझ्या वाटणीचीही खाल्ली. तू पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

"आरं, हसलं तर हसलं की," तू म्हणालास. "हितं डोळ्यांनी वाचत्यात, तोंडानं न्हाय, एवढंच तर शिकायचं हाय. आणि तोंडानंच वाचायचं आसंल तर पंचगंगेवर चल. नदी काय हसत न्हाय."

खरंच नेलंस. रोज पहाटे घाटावर मी इंग्रजी ओरडायचो आणि तू धोतर धुता धुता चुका काढायचास. वर्गात जे कळेल ते लिही, न कळेल तिथं ओळ मोकळी सोड, संध्याकाळी आपण भरू, हेही तूच शिकवलंस. वर्षभर मी त्यावरच तरलो. पण तेव्हा तू बोर्डिंगात राहत नव्हतास. तुझ्या मामांच्या दुकानाच्या माळ्यावर पथारी टाकून होतास. पंधरवड्याचे उरलेले दिवस पुरे केलेस आणि मग शिरोळला गेलास, तो गेलासच.

दादा, इथवर लिहिलं आणि टाक खाली ठेवला. आता मात्र लिहितो.

परवानगीवाचून रात्री बाहेर राहणारा बोर्डिंगला मुकतो, हा नियम. कागलाहून परतलो तेव्हा साहेबांनी विचारलं आणि तू म्हणालास, "माझं काम होतं, मी याला नेलं. नव्या पोराला नियम काय ठावं?" तुमच्या धर्मात खोटं बोलणं केवढं पाप, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी शेजारी मान खाली घालून उभा राहिलो. एक शब्द बोललो असतो तर बाबांकडं परत जावं लागलं असतं, या भीतीनं बोललो नाही. बोर्डिंगातून तुझं नाव कमी झालं आणि मी तुझ्याच खोलीत वर्षभर अभ्यास केला. तुझे उपकार मानावेत असं रोज वाटायचं, पण ते मानायचे तर आधी खरं सांगायला हवं होतं. म्हणून पत्रही लिहिलं नाही.

गेल्या शुक्रवारी साहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हजेरीचं बुक उघडून तुझं नाव शोधलं. मग म्हणाले, "जयपालला लिही. त्याची जागा त्याची आहे. सोबत्यांचं कामही त्यानंच बघावं." तुझ्याविषयी साहेबांच्या मनात आता काही नाही, हे मी शपथेवर सांगतो. तुझ्या वडिलांना त्यांनी वेगळं पत्र धाडलं आहे. तू रानात रमलो म्हणशील, पण तुझी पुस्तकं अजून इथंच आहेत, मी पुसून ठेवली आहेत. एकही विकलेली नाही.

पत्रावरचा पत्ता बघून तू विचारशीलच, म्हणून सांगतो. हे जुलेखाखालाचं घर. माझी मावशी, यंदाच इथं राहायला आलेली. कॉलेज सुटलेलं नाही, फक्त बिऱ्हाड बदललं. बोर्डिंग भरलेलं होतं, आणि नियम सगळ्यांना सारखा, हे साहेब म्हणायच्या आधी मीच म्हणालो. जी जागा तुझ्यासाठी मोकळी आहे, ती मी रिकामी केलेली आहे. खालाच्या घरी आठ माणसं आहेत, पण गेल्या वर्षभरात झोपलो नसेन इतका गाढ मी इथं झोपतो. ती जागा ओस पडू देऊ नकोस.

घरच्या वडीलधाऱ्यांना सलाम. बावीसच्या आत ये.

ज्याच्यासाठी तू खोटं बोललास, तो
गैबी