जठराच्या तीन शस्त्रक्रिया आणि आपली भावकी

कालाबार, रविवार

चि. न्कोयो हिस अनेक आशीर्वाद. तुझी साखर आणि गुडघे कसे आहेत ते कळव. मी हयात आहे. (हे वाक्य शिष्टाचाराचे नव्हे, पुढे लागणार आहे.)

प्रतिज्ञा अशी: गुरुवारी तू जठराची बायपासच करून घ्यावीस, माझ्यासारखी स्लीव्ह नव्हे. हेतू: तुझा मधुमेह. दृष्टान्त तीन. चर्चचे वादक आर्चिबाँग यांनी जठराला पट्टा बसवला. तो काढता येतो हाच त्याचा गुण, आणि वजन हटेना म्हणून शेवटी काढावाच लागला. इक्वोवहिनींनी बायपास केली. अंड्याएवढी पिशवी उरली, आतड्याची वाट वळवली. जन्मभर गोळ्या, गोड खाल्ले की घाम फुटून आडवे व्हायचे. पण इन्सुलिन सुटले. मी स्लीव्ह केली: जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापला, केळ्याएवढी नळी राहिली. गेलेला भाग परत मिळत नाही. छातीतली जळजळ रोज मिळते. वजन पंचेचाळीस किलोंनी उतरले.

इथवर शास्त्र. आता भावकी. ज्या घराण्यात नवरीला सहा महिने खोलीत बसवून, खाऊ घालून, गोलमटोल करूनच बाहेर काढत (आपली आईही तशीच निघाली), तिथे माझ्यासारख्या कुलप्रमुखाने बारीक होणे म्हणजे निरोप घेणे. फुफूच्या उकडीचे चार घास खाऊन मी हात धुतले की काकू डोळे पुसते. "खा रे बाबा, आता कशाला मन मारायचं?" पुतण्या अन्सा तर तोंडावर विचारतो, "काका, तुमची मानाची काठी कुणाला द्यायची ते सांगून ठेवा ना. ऐनवेळी पंचाईत नको."

"मला काहीही झालेलं नाही."

"हो हो, नाहीच झालंय. अन्सा, आजाऱ्याशी वाद घालू नकोस!" इति काकू.

चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. हा युक्तिवाद कुठल्याच पुस्तकात नाही. माझ्या अंत्यविधीला सर्वांनी घालायच्या कापडाचा रंगही ठरला आहे, निळा. (निवड मलाच करायला लावली, माझी रुची चांगली म्हणे.) शनिवारच्या बैठकीत माझी खुर्ची अन्साला देण्याचा ठराव येणार आहे. गेल्या खेपेस तो बसून पाहून गेला. त्याला ती नेमकी भरते. मला दोन्ही बाजूंनी वारा लागतो.

तुझा दादा,
एक्पेन्योंग

ता. क. शनिवारी तू ये. बारीक माणसाची साक्ष इथे धरत नाहीत. तू एकशे तीस किलोंची. "दादा ठणठणीत आहे" असे तू म्हणालीस तर मानतील.

आणखी ता. क. त्यासाठी गुरुवारची शस्त्रक्रिया अर्थातच पुढे ढकलावी लागेल. वरची प्रतिज्ञा अबाधित आहे, शनिवारनंतर.

एक चूक कबूल करतो. शस्त्रक्रियेला जाताना लाजेने मी सर्वांना सांगितले की अक्राला व्याख्यान आहे. पाच आठवडे व्याख्यान चालत नाही, हे त्यांनी बरोबर ताडले. आता खरे सांगितले, तर काकू म्हणते, "निरोगी पोट कोण कापून घेतं रे?"

(सही) एक्पेन्योंग ओरोक