तीन सरळ चकत्यांविषयी संशय

स्वस्ति श्री सकलसाडूकुलमुकुटमणी, सावर्डेबाजारपेठभूषण, लोटेरसायनोद्योगधुरंधर, रात्रपाळीजागरणतपस्वी, विनामूल्यवस्तुदानविशारद श्रीमान सर्वेशराव यांसी, रत्नागिरीहून गुरुप्रसादाचा साष्टांग नमस्कार (दोन्ही गुडघे दुखत असल्यामुळे तूर्त सहाच अंगांचा स्वीकारावा).

इकडील सर्व क्षेम. आपले पित्त, कंपनीची बस आणि मेहुणीबाई सौ. संस्कृती यांचे माझ्याविषयीचे मत, या तिन्हींत काही सुधारणा असल्यास कळवावे. सौ. तेजस्वीची प्रकृती उत्तम आहे. तिच्याविषयी पुढे विस्ताराने येईल, कारण प्रस्तुत प्रकरणाचे धागेदोरे तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले आहेत.

शिमग्याला आलात तेव्हा आपण मला मध्यम पल्ल्याच्या तीन चकत्या भेट दिल्यात आणि तिन्ही "अगदी सरळ जातात" असे आश्वासन दिलेत. आपल्या स्मरणासाठी सांगतो: आमच्या घरामागील कातळावर चकतीफेकीचा जो खेळ चालतो, त्यात साखळ्या लावलेल्या टोपलीत कमीत कमी फेकींत चकती पाडायची असते. हा खेळ जहाजावरून निवृत्त झालेल्या यासीनने आणला. टोपली माझ्या जमिनीत उभी असल्याने मंडळाचे अध्यक्षपद ओघानेच माझ्याकडे आले. (सभासद तीन: मी, यासीन आणि बँकेतला निलेश, म्हणजे बहुमताला वाव आहे.) परंतु निलेशने ठराव आणला की यापुढे अध्यक्ष सामन्यावर ठरावा. सामना येत्या रविवारी आहे. हा निलेश आजवर कधी स्वतःहून काही सुचवीत नसे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

टोपलीच्या उद्घाटनाला मी काशीराम गुरवाकडून देवाला रीतसर गाऱ्हाणे घालून घेतले होते. नारळ ठेवून तो म्हणाला, "जा काय वाकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा", आणि आम्ही तिघे "होय म्हाराजा" म्हणालो. आता वाटते, कोणाचे वाकडे सरळ करायचे हे त्यात स्पष्ट नव्हते. देवाने यासीनपासून सुरुवात केली असावी, ते पुढे येईलच.

असो. मी आपल्या चकत्यांचा तौलनिक अभ्यास आरंभिला. सकाळी जमिनीवरचा वारा, दुपारनंतर समुद्रावरचा, दोन्हींत एकाच दगडावर उभे राहून. पांढरी चकती निघताना सत्शील भासते. वेग ओसरला की मात्र डावीकडे वळते आणि निर्लज्जपणे कुंपणाच्या गडग्याला जाऊन टेकते. नारिंगी दिसायला झळझळीत, परंतु वाऱ्याची झुळूक लागताच उजवीकडे पळते आणि करवंदीच्या जाळीत आत्मसमर्पण करते. (तिला बाहेर काढताना माझा जो सदरा फाटला, तो आपणच दिवाळीला दिलेला होता. हा योगायोग मी नोंदवून ठेवला आहे.) निळीही आरंभी डावीकडेच जाई. पण जांभ्याच्या गडग्यावर आपटून आपटून तिची कड खरवडली, आणि चैत्रात एके सकाळी ती अकस्मात सरळ गेली. शेवटपर्यंत सरळ, आणि साखळ्यांत शांतपणे विसावली. आनंदापूर्वी मला संशय आला. ज्या वस्तूने दीड महिना छळले, तिने विनाकारण सद्वर्तन का करावे?

यासीनने खुलासा केला. "नव्या चकतीला मार खाऊ द्या, गुरुभाऊ. कड झिजली की डावीकडची ओढ कमी होते, मग सरळ जाते." प्रतिस्पर्ध्याने, तेही सामन्याच्या तोंडावर, खरे ज्ञान फुकट द्यावे, हे मला रुचले नाही. मी दोन रात्री त्यातला कावा शोधला. सापडला नाही, म्हणजे तो किती खोल असेल, याचा आपणच विचार करावा.

तिसऱ्या दिवशी निळी चकती नाहीशी झाली.

मी प्रथम निलेशच्या डिकीत पाहिले, आणि मग चहाच्या निमित्ताने यासीनच्या पडवीत. माझी नजर त्याच्या पिशवीवर खिळलेली पाहून त्यानेच ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "रविवारी माझी जुनी घ्या. मी दुसरीनं खेळेन." मी सविनय नकार दिला. इतके औदार्य निष्पाप असू शकत नाही.

अखेर हिंगाची डबी शोधत असता उलगडा झाला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी, तिच्या तोंडावर माझी निळी चकती, आणि चकतीवर फडक्यात गुंडाळलेला दगड. मी सौ.च्या निदर्शनास आणले की ती चकती आहे.

"झाकण आहे," ती म्हणाली. "लोणचं मुरेपर्यंत झाकण आहे. मग बघू."

मी सरळ उड्डाणाचे दुर्मीळत्व विशद केले, अध्यक्षपदाची प्रतिष्ठा विशद केली. तिने फोडणीचा गॅस बारीकही केला नाही.

"लोणचं बिघडलं तर वर्षभर अध्यक्षांच्या ताटात काय वाढू? टोपली?"

पांढरी किंवा नारिंगी वापरावी, असा तडजोडीचा प्रस्ताव मी ठेवला. तिने त्या दोन्ही आधीच लावून पाहिल्या होत्या. पांढरी बरणीवर डुगडुगते, नारिंगी एका बाजूने उचलली जाते. कड झिजलेली निळी तेवढी घट्ट बसते. म्हणजे ज्या अभ्यासात माझे दोन महिने आणि एक सदरा गेला, तो तिने भाजी शिजेपर्यंत उरकला, आणि निवड तीच केली.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आपणांस काय ते आपणच ठरवावे.

आपला साडू,
गुरुप्रसाद
(अध्यक्ष, रविवारपर्यंत)

ता. क. : पत्राचे प्रयोजन लिहायचे राहिले. त्या बरणीला चिनीमातीचे स्वतःचे झाकण होते. गेल्या वर्षी ती लोणच्यासकट आपल्या घरी सावर्ड्याला आली. बरणी परत आली, झाकण आले नाही. शिमग्याला झाकणाचा विषय निघण्यापूर्वीच आपण तीन गोल वस्तू घाईघाईने माझ्या हातात ठेवल्यात, हे मला आता आठवते. झाकण शनिवारपूर्वी महामार्गावर हातखंब्याच्या फाट्यापर्यंत पोहोचवावे. मी तेथे येऊन उभा राहीन.

ता. क. २ : हे पत्र पेटीत टाकण्यापूर्वीच आज शनिवारी झाकण घरपोच आले. माझे पत्र न वाचता आपणांस कसे कळले? सौ. म्हणते, तिने बहिणीला फोन केला होता. या दोघी आपल्या पाठीमागे परस्पर बोलतात, हे आपणांस ठाऊक आहे काय?

ता. क. ३ : रविवार, सायंकाळ. मी नारिंगीने खेळलो आणि हरलो. यासीनने अध्यक्षपद घेण्यास नकार दिला. पावसाळ्यात टोपली उचलून घरात आणणे अध्यक्षाकडे असते आणि त्याची कंबर दुखते. निलेशलाही अचानक कंबर आठवली. तेव्हा अध्यक्ष मीच आहे, आणि निळी अजून बरणीवरच आहे, कारण आपण पाठवलेले झाकण आमचे नव्हे. त्याच्यावर हिरवी नक्षी आहे, आमचे पिवळे होते. आणि ते बोटभर लहान असल्याने सरळ आत पडते. हे कोणाचे, आणि आमचे कोणाकडे आहे?