गळक्या खिशाचा एप्रिल

३ एप्रिल २०२५, गुरुवार. सकाळी ८.
आजपासून सिगारेट बंद. बावीस वर्षांची सवय एका सकाळी सोडणारा माणूस राजेश्वर गावात दुसरा नसावा. साधन आणलंय: वेप. बोटाएवढं मशीन. आत कापसाची वात आणि तारेचं कॉइल, वर छोटी टाकी, टाकीत आंब्याच्या वासाचं लिक्विड. बटण दाबून ओढलं की वाफ येते. धूर नाही, राख नाही. मित्र संगमेश हैदराबादहून घेऊन आला. विक्रीला बंदी आहे, त्यामुळे बिल नाही, गॅरंटी नाही, बिघडलं तर विचारायला दुकान नाही. मला गरजही नाही. माझंच ठिबकचं दुकान आहे. अर्ध्या तालुक्याच्या पाइपा मी जोडल्यात.
बायकोला, म्हणजे नेत्रावतीला, सिगारेट सोडली एवढंच सांगितलं. मशीनचं नाही. ती म्हणाली, "बघू." संसारात विश्वास हा प्रकारच उरलेला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपार.
पांढऱ्या शर्टाचा खिसा चिकट. टाकी गळाली. दोष संगमेशचा. त्यानं काठोकाठ भरली. वर जागा सोडायची असते आणि मधल्या हवेच्या नळीत थेंब जाऊ द्यायचा नसतो. हे मी अनुभवानं सांगतोय. व्हिडिओ नंतर बघितला.
नेत्रावतीनं डाग विचारला. म्हणालो, आंब्याचा रस.
"खिशानं पिलात का?" म्हणाली. पण शर्ट बादलीत टाकला. विषय संपला.

७ एप्रिल, सोमवार.
खरं कारण सापडलं. रबरी रिंग चिरलीय. दुकानात रिंगांची पोती आहेत, पण सगळ्यात लहान रिंगसुद्धा मशीनला बांगडीसारखी होते. शेवटी आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली. गळती पूर्ण बंद. अकरा मिनिटं.
त्याच वेळी दुबलगुंडीचा एक शेतकरी काउंटरवर. म्हणाला, "मालक, माझा व्हॉल्व्ह गळायलाय म्हणून आलो. तुमचा तर खिसाच गळायलाय." गिऱ्हाइकांना हल्ली बोलायचं भान नाही.

१० एप्रिल, गुरुवार.
हवामानाचा दोष. एक्केचाळीस डिग्री. उन्हानं लिक्विड पातळ होतं आणि कॉइलच्या भोकातून खाली उतरतं. मशीन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं होतं, पण तो मुद्दा वेगळा. उपाय: सावलीत आणि उभं ठेवणे. खिशात उभं ठेवायचं तर मला दिवसभर वाकता येणार नाही. दुकान पाइपांचं. सगळा माल जमिनीवर.
घरी अप्पा, म्हणजे वडील, खाटेवरून म्हणाले, "गुरुबसव, आठ दिवस झाले आंब्याचा वास यायलाय. एकटाच कामून खायलास?" वय अठ्ठ्याहत्तर, दिसत नाही, ऐकू येत नाही, नाक मात्र शाबूत. डझनभर आंबे आणावे लागले. आंबट निघाले. त्यावरही ऐकून घेतलं.

१३ एप्रिल, रविवार.
जोरात ओढल्यावर लिक्विड थेट तोंडात येतं, हे आज कळलं. कडू जहर. जीभ तासभर बधीर. धडा: हळू ओढणे.
नेत्रावतीनं चौथा शर्ट धुतला. डाग निघता निघत नाही म्हणून खिसा हातावर चोळते. म्हणाली, बोटांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं. तिला पाणी जास्त प्यायला सांगितलं. उन्हाळ्यात बायका पाणी पीत नाहीत. हे मी लग्नापासून सांगतोय.

१६ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ.
संगमेशकडून घट्ट लिक्विड मागवलं. घट्ट असल्यामुळे गळणार नाही, हा माझा हिशेब. गळलं नाही. वातीपर्यंतही पोचलं नाही. वात जळाली, घशात जळक्या चिंधीची चव. मग नवं कॉइल घालून घट्टात पातळ मिसळलं. प्रमाण अंदाजानं. दुपारी जेवून आडवा झालो, उठलो तेव्हा बनियनपर्यंत ओल.
नेत्रावती कपडे धुऊन उठली आणि मोरीजवळच ओकली. ताक प्यायला सांगितलं.
सिगारेट एक ओढली. फक्त तुलनेसाठी.

१७ एप्रिल, गुरुवार.
तुलना अपुरी वाटली. तीन.

१९ एप्रिल, शनिवार.
अंबिका बीदरहून आली. मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकलेली मुलं घरात आली की शांतता जाते. आल्या आल्या आईचा हात धरून नाडी मोजली. मग मोरीत गेली आणि बादलीतला शर्ट काठीनं उचलून हुंगला.
"पप्पा, हे काय हाय?"
आंब्याचा रस, म्हणालो.
"रसानं बोटं बधीर होत न्हाईत."
मी हवामानाबद्दल बोलायला लागलो. तिनं माझ्या अंगातल्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि मशीन काढून आईसमोर ठेवलं. खालून एक थेंब फरशीवर पडला. मी टेप लावलेली असूनसुद्धा.
अंबिकानं सांगितलं ते असं: यात निकोटिन असतं. कातडीतून अंगात जातं. आई पंधरा दिवस ते उघड्या हातांनी चोळतेय, आणि भांडी घासून तिची बोटं आधीच चिरलेली आहेत.
गाडी काढली. बीदर गाठलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हाताला काय लागत होतं? नेत्रावती म्हणाली, "ह्यांचे शर्ट." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, त्या कपड्याला परत हात लावायचा नाही, दोन-चार दिवसांत बरं वाटेल.
येताना मागच्या सीटवर ती झोपली होती. आरशात तिचा हात दिसत होता. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. असा हात आधी कधी बघितला नव्हता. म्हणजे रोज बघत असणार.

२१ एप्रिल, सोमवार.
मशीन अंबिकानं बरणीत बंद करून बीदरला नेलं. वर्गात दाखवायला. माझे शर्ट मीच धुतो, हातमोजे घालून. सोपं काम आहे. बटणं कशी तुटतात ते समजत नाही.
नेत्रावतीचं डोकं आता गरगरत नाही. आज दोन दिवसांनी बोलली. "रस म्हणून सांगितलात, म्हणून मी जास्त चोळले. रसाचा डाग लवकर निघत न्हाई."
यावर माझ्याकडे बरीच उत्तरं होती. दुकान उघडायला उशीर झाला म्हणून निघालो.

२८ एप्रिल, सोमवार.
शेवटी गावानं दखल घेतली. बसवजयंतीच्या कमिटीचे अंकुशराव दुकानात आले. परवा व्यसनमुक्तीवर पोरांसमोर तुम्ही बोला, म्हणाले. मी आढेवेढे घेतले, दोन वाक्यं. मग होकार दिला. भाषण चार पानी. विषय: निर्धार. लिहिताना एकाग्रता लागते, त्यामुळे दोन सिगारेटी.

३० एप्रिल, बुधवार. दुपार.
झालं ते लिहून ठेवतो.
स्टेजवर तीन खुर्च्या. पहिल्या माणसानं दारू सोडलेली, बारा वर्षं झाली. दुसऱ्यानं गुटखा. दोघांना शाल. मग अंकुशरावांनी माइक घेतला. "आता गुरुबसव अण्णा. ह्यांची सिगारेट सुटली न्हाई. कामून सुटत न्हाई, ते सांगतील."
शाली दोनच होत्या.
समोर दीडशे पोरं, आणि बायकांत पहिल्या रांगेत नेत्रावती. नाव तिनंच सुचवलं होतं, हे अंकुशरावांनी माइकवरच सांगितलं.
चार पानांत कामाचं एकही वाक्य सापडलं नाही. मी म्हणालो, "माझ्या खिशातलं विष माझ्या बायकोनं धुतलं. मी तिला आंब्याचा रस हाय म्हणून सांगितलो." बसलो. टाळ्या वाजल्या नाहीत. एक पोरगं हसलं, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.
घरी चालत निघालो. पानपट्टीजवळ माझी पावलं हळू झाली असावीत. नेत्रावती थांबली. म्हणाली, "लपून कामून ओढायलाव. ओढून या. मी थांबते."
ती लिंबाच्या सावलीत उभी राहिली. मी पानपट्टीच्या आडोशाला गेलो. चव लागली नाही.
परत येऊन तिला सांगितलं, अर्धीच ओढली, अर्धी टाकून दिली.
"व्हय," ती म्हणाली. "दुसरी."