अजगराची तालीम

३ तारीख, मंगळवार
आजपासून प्राणिसंग्रहालयाच्या सर्पविभागात रुजू झालो. जागा झकास आहे, खोलीच्या खिडकीतून थेट अजगराची काच दिसते. माझं काम लोकांना माहिती सांगण्याचं. झाडणं-पुसणं, सापांचं भक्ष्य गरम पाण्यात शेकणं ही कामं इतरांची. इतर म्हणजे दोघंच: एक मुकादम, ज्यांना प्रत्येक गोष्टीची धास्ती, आणि एक झाडूवाली मावशी, जिला साऱ्या जगाची पंचाईत. दोघांनी हसून स्वागत केलं. बिचारे! कोण आलंय याची त्यांना काय कल्पना.

५ तारीख, गुरुवार
अजगर मादी आहे. मुकादम तिला बाईसाहेब म्हणतात. बाईसाहेब दिवसभर ओल्या गादीसारख्या पडून असतात. आज जेवण होतं. मेलेला ससा गरम पाण्यात शेकून चिमट्याने पुढे धरला. जीभ लवलवली आणि पुढचं दिसलंच नाही, ससा थेट वेटोळ्यात. मेलेल्या सशालाही आवळून मारलं, एवढी अक्कल!

कुणीतरी विचारलं, हाडं मोडतात का? मुकादमांनी मान डोलावली. मी सर्वांसमोर त्यांना गप्प केलं. हाडं मोडत नाहीत. भक्ष्याने श्वास सोडला की वेटोळं तेवढं आवळतं. रक्त अडतं, काळीज थांबतं. मग डोक्याकडून गिळायला सुरुवात. जबडा निखळतबिखळत नाही, नुसता ताणतो, आणि तोंड भरलेलं असताना श्वासनळीचं टोक पुढे काढून बाईसाहेब निवांत श्वास घेतात. मुकादमांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

७ तारीख, शनिवार
पुढच्या रविवारी अजगर खांद्यावर घेऊन बोलायचं ठरवलं, तर मुकादम आडवे आले. पिंजऱ्यात दोघांनी जायचं, भक्ष्याला हात लागला तर साबणाने धुवायचा, आणि आधी लांब दांड्याच्या आकडीने तिच्या डोक्याला स्पर्श करायचा, म्हणजे आज जेवण नाही हे तिला समजतं. म्हणे, "तिला माणूस कळत नाही हो, वास कळतो."

मावशीनेही तोंड घातलं, "दादा, ऐका त्यांचं." मी म्हटलं, तू तुझं काम बघ. आता ही मला साप शिकवणार! सोमवारी संग्रहालय बंद आणि मुकादमांची सुट्टी. तालीम उरकून टाकतो, मग बघू कोण अडवतं.

९ तारीख, सोमवार
मुकादम नाहीत म्हणून धाकट्या सापांचे उंदीर मला शेकावे लागले. काय हे हलकं काम! हात पँटला पुसले. बाईसाहेब गुरुवारीच जेवल्यात, आज भूक कुठली. आकडीबिकडी घेत नाही. वही-पेन्सिल खिशात ठेवतो, अनुभव ताजा लिहायला.

सोमवार, पिंजऱ्यात
डावा हात धरलाय. दात आतल्या बाजूला वळलेले, ओढला की जास्तच रुततात. छातीवर दोन वेटोळी. उजवा हात मोकळा आहे. ओरडायचं नाही. ओरडणं म्हणजे श्वास सोडणं. म्हणून लिहितोय. मूर्ख जनावर! माझे खांदे हिच्या तोंडात मावणार तरी आहेत का?

सोमवार, नंतर
काचेपाशी मावशी. खुणेने विचारतेय, ठीक ना?
आता ही मुकादमांना सांगणार. बोभाटा. झाडूवालीने सोडवला म्हणून जन्मभर हसतील. नको. मीच सुटेन.
हसलो. तालीम चाललीय, जा, म्हणून हात हलवला.
गेली.

सोमवार
बोटं निळी. श्वास चमचाभर. सोडला की तेवढा—
घाबरलोय. फार घाबरलोय.
हात सोडून हिचं डोकं वर सरकतंय. माझा कान— केस—
मावशी, परत ये गं. ये.

आली. काचेपाशीच आहे. हसता येत नाही, ओरडता येत नाही. हात हलवला. जोरात हलवला.
तिनेही हसून हलवला आणि