टॉवेलखालची सीट

२ एप्रिल, गुरुवार
साईनगरच्या काकूंची अँबेसिडर आज दुकानात आली. त्यांचे यजमान, आमचे साहेब, जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून गाडी वर्षातून एकदाच निघते. देवीचे चांदीचे टाक मांडीवर घेऊन काकू पुढे बसतात आणि नांदगाव खंडेश्वरला शेतातल्या देवळात नैवेद्य नेतात. यंदा रविवारी, १२ ला.
मागची सीट पाहिली. रेक्झिन. मळ सोडला तर धड. पुढच्या लांब सीटवर टॉवेल, कडेनं पिना टाचलेल्या.
"रेक्झिनच हाय ना बाप्पा? मी चामड्याले हात लावत नाही."
काकूंचा लग्नाआधीपासूनचा नेम. चप्पल कापडी, घड्याळाचा पट्टा नायलॉनचा.
म्हटलं, काकू, बिनधास्त बसा. टॉवेल उचलूनसुद्धा पाहिला नाही. वीस वर्षं कुशनचं दुकान चालवलं की अशी मस्ती चढते.

४ एप्रिल
मागची सीट झकास. साबणपाणी, मऊ ब्रश, शिवणीत जुना टूथब्रश. खालून पिस्ता रंग निघाला.
मग टॉवेल काढून पुढच्या सीटलाही तेच. भरपूर पाणी. जेवून येऊन पाहतो तर काळी पडलेली, पुठ्ठ्यासारखी ताठ. नाक लावलं. कोपऱ्यातल्या फाटक्या जागेतून उलटी बाजू पाहिली. रेक्झिनला मागून कापड असतं, इथं लव.
चामडं. अस्सल.
माझ्या बापानं जन्मभर चामडं शिवलं आणि मला वासही ओळखू आला नाही! काकूंना दिलेला शब्द तर गेलाच, वर सीटची वाट लावली.

५ एप्रिल
बायकोला सांगितलं. "गुपचूप रेक्झिन चढवा अन् द्या. त्या बाईच्या जिवाले घोर लावून काय भेटनार हाय तुमाले?"
पटलं. काकूंना फोन केला, पुढची सीट नवी करू का?
"नको रे. पहिले चामड्याच्याच सीटी होत्या, मीच बसत नव्हती गाडीत. मंग ह्याईनं नागपूरले नेऊन माह्यासाठी रेक्झिन लावून आनलं. तेच राहू दे."
म्हणजे मागचीच बदलली. पुढची तशीच. साहेबांनी स्वतःच्या पाठीसाठी ठेवली, की नागपूरच्या कारागिरानं त्यांनाच टोपी घातली? कोण सांगणार आता. मी तोंड उघडलं तर काकूंचा नेम गेला, आणि कदाचित नवराही.
साहेबांचा राग आला. मग स्वतःचा, जास्त.

७ एप्रिल, अकोला
एस.टी.नं मामांकडे. चामड्याचा इतका जाणकार माणूस आमच्यात दुसरा उरला नाही.
"पानी मारलं? तुनं? चामड्याले?" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.
मग मेण-तेलाच्या मलमाची डबी दिली. "सावलीत ठेव. उन्हात ठेवशीन तं पापड होईन. बोटानं लाव, थोडं थोडं."
विचारलं, गाईचं असेल की म्हशीचं?
"इतक्या वर्षानं कातडं सांगते का, मी कोन होतो म्हनून?"
मामा हसले. मला हसू आलं नाही. काकू नेमकं हेच विचारणार.

९ एप्रिल
मलमाचे तीन हात झाले. बोटं दुखतात. पण सीट वळली! मऊ, तांबूस, तळहाताला गार. इतकं देखणं काम हातून क्वचित झालंय, आणि दाखवायचं कोणाला? टॉवेल टाचून दिला की मिटलं.
पिना हातात घेतल्या. टाचल्या नाहीत.

११ एप्रिल
सांगून आलो. बसलोसुद्धा नाही, दारातच.
"काकू, मी न पाहता बोललो. पुढची सीट चामड्याची हाय."
टाक घासत होत्या. हात थांबला.
"कायचं?"
"मले नाही ओळखू येत."
टाक ताटात ठेवून, "ह्याईले मालूम होतं?"
"मले कसं मालूम असंन, काकू?" खरंच माहीत नाही. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.
"उद्या सकाळी गाडी आन." एवढंच. चहा घे म्हणाल्या नाहीत, पहिल्यांदाच.
जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, सांगतलं होतं ना. हो, सांगितलं होतं.

१२ एप्रिल, रविवार
सातला गाडी नेली. टॉवेल धुऊन, घडी करून मागे ठेवला होता. काकू नैवेद्याचा डबा न् टाकांचं ताट घेऊन आल्या. ताट ओट्यावर ठेवलं. पुढचं दार उघडून वाकून पाहत राहिल्या. मग टॉवेल मागितला. वाटलं, अंथरतील.
अंथरला नाही. कडेच्या पिनांच्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ह्या पिना मीच टाचत होती, दरसाली. हे म्हनत, टॉवेल काढू नको, रेक्झिननं घाम येते तुले."
काकूंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि उघडा तळहात सीटवर ठेवला. जपून, तवा तापला का पाहतात तसा. मग दाबून.
दिवसापुरता बोलावलेला ड्रायव्हर दोनदा विचारून गेला, निघायचं का? ऊन ओट्यावर आलं. नैवेद्याचा डबा पायरीवर, टाक ताटात.
काकूंनी हात काही उचलला नाही.