दोनदा हाक

येशू, मारी, जोसेफ

प्रिय रोझाल्बाताई,

तुला माझं प्रेमाचं वंदन. गुडघा कसा आहे? मठातल्या मदर सुपीरियर अजून दुपारची कॉफी देत नाहीत का? माझी तब्येत उत्तम, फक्त अब्रू जराशी लंगडते आहे. त्याचीच ही हकिगत.

या उन्हाळ्यात आपल्या सान्सुसी घराण्याचा मेळावा गावच्या चर्चच्या हॉलमध्ये भरला. (मूळपुरुष राजाच्या पलटणीत शिपाई होता. 'सान्सुसी', म्हणजे बिनघोर, हे नाव पलटणीनं ठेवलं. त्यानंतर आपल्यात एकही माणूस बिनघोर झोपलेला नाही.) या मूळपुरुषाच्या मुलीवर, म्हणजे आपल्या घरातल्या आद्य आपोलिनवर, बोलायचं काम माझ्याकडे आलं. सगळा हिवाळा मी बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी वाचण्यात घालवला. आपल्यात प्रत्येक मुलगी आधी मारी आणि प्रत्येक मुलगा आधी जोसेफ, त्यामुळे डोळे फिरायची वेळ आली. (आईनं दारातून नुसतं 'मारी' म्हणून हाकारलं असतं, तर अर्धं गाव जेवायला आलं असतं. म्हणून घरात हाक शेवटच्या नावानं.) अखेर आपोलिनचा बाप्तिस्मा सापडला, तिच्या जुळ्यांचाही सापडला. मी वजाबाकी केली.

आणि शाळेत सिस्टर सें-सिप्रियेननी शिकवलं तशी ताठ उभी राहून, हात जुळवून, मी भर सभेत जाहीर केलं की आपल्या आद्य आपोलिनला एकोणसाठाव्या वर्षी जुळं झालं.

टाळ्या पडल्या. आपला मामेभाऊ ओविला तोंडात मेपल साखरेचा पाई कोंबून ओरडला, "मग पाळणा कुणी हलवला गं, पणतवंडांनी?"

"आधी घास गिळ मेल्या," मी म्हटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्याची आई, आपली एक्झिल्डामामी, काठी आपटत म्हणाली, "अगं बाई, ती एक नव्हे, तिघी! पहिली गेली, नाव दुसरीला दिलं. दुसरी गेली, तिसरीला दिलं. जगली तिला जुळं झालं. एवढं तुला कळू नये? तू स्वतः कोण आहेस?"

मी पाई कापायला निघून गेले.

ताई, मी कोण ते मला ठाऊक होतंच. माझ्याआधीच्या आपल्या बहिणीचा, पहिल्या आपोलिनचा, पाळणा तू हलवलास. बर्फ वितळायच्या आधी ती गेली, पुढच्या हिवाळ्यात मी आले, आणि तिचं टोपडं, तिचा चमचा, तिचं नाव, सगळं मला मिळालं. तिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पण आठवतं? आई तुम्हा सगळ्यांना एकदा हाक मारायची, मला मात्र दोनदा. "आपोलिन! आपोलिन!" तू चिडवायचीस, "ही बहिरी आहे, हिला दोनदा लागतं." मी ते खरं मानलं. त्या दिवशी पाईत सुरी तशीच ठेवून उभी राहिले, तेव्हा वाटलं, त्यातली पहिली हाक माझी नसावी.

तिला आईच्या पायाशी पुरलं आहे आणि दगडावर तिचं नाव नाही. कसं असेल? नाव माझ्या वापरात होतं ना.

सगळ्या सिस्टरना माझा नमस्कार सांग. गुडघ्याला हंसाची चरबी चोळ.

तुझी,
आपोलिन (दुसरी)

ता. क. कबरीची जागा तुझ्या नावावर आहे. तिचं नाव कोरायला तुझी सही लागेल. खरं तर पत्र यासाठीच होतं. कागद सोबत आहे.

ता. क. पाथरवट कुरकुरतो आहे. "बाई, उद्या तुमचंही हेच नाव याच दगडावर येणार. लोक म्हणतील, कारागीर पेंगत होता." मी म्हटलं, कोरा. पुढे आपली कुणी नात-पणती हिशेब करून भर सभेत सांगेल की ही बाई पाळण्यात वारली आणि नंतर शाळेत गेली. ओविलाचा पणतू हसेल. हसू दे.

ता. क. काल कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. ते म्हणाले, डावा कान जन्मापासूनच मंद आहे. म्हणजे तू म्हणायचीस तेच खरं असेल. तरी सही कर.