तिन्ही ठिकाणी एकच फाइल

४ मार्च
जावास्क्रिप्टवर पोट भरणाऱ्या समस्त बांधवांनो, आपल्या सहनशीलतेचा अंत झाला आहे! एक साधी डेटाची फाइल. नोड, म्हणजे ब्राउझरविना जावास्क्रिप्ट चालवणारा गडी, ती डिस्कवरून मुकाट वाचतो, ब्राउझरला ती मागवावी लागते, टेस्ट चालवायला घ्या तर तिसरंच तंत्र. का सोसायचं?
(सुरुवात जमली. ऐकायला घरी कोणी नव्हतं.)
संकल्प: ताईच्या पाळणाघरातल्या मुलांच्या अ‍ॅलर्जीची फाइल माझ्या लॅपटॉपवर, तिच्या कॉम्प्युटरवर आणि तिथल्या स्वयंपाकघरातल्या टॅबवर एकसारखी उघडेल. रविवारपर्यंत.

९ मार्च, सकाळी
लॅपटॉपवर उत्तम. ताईकडेही. टॅबवर फाइल सापडत नाही. तात्पुरता उपाय: फाइल मिळाली नाही तर कोडमध्येच चिकटवलेली आजची प्रत दाखवायची. एररचा मेसेज काढून टाकला. स्वयंपाकाच्या मावशी उगाच घाबरतात. ताई म्हणाली, चालतंय ना, मग झालं.
ही तडजोड नव्हे. डावपेच.

१७ मार्च
तात्पुरता उपाय अजून तात्पुरताच आहे. सगळीकडे चालेल असं एकच खणखणीत फंक्शन लिहिणार. आधी त्याला नाव शोधतोय.

२६ मार्च
पाळणाघरात नवी आलेली छोटी. बिस्किटात शेंगदाणे होते. अंगभर गांधी, डोळे सुजले, दवाखाना. आता बरी आहे.
ताईने तिची अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी फाइलमध्ये भरली होती. मावशी म्हणत राहिल्या की टॅबवर पोरीचं नावच नव्हतं. मी टॅब 'तपासायला' घेतला आणि ९ तारखेची प्रत काढून नवी चिकटवली. ताईने उघडून दाखवलं, हे काय, आहे की नाव.
मी बोलणारच होतो. पण टॅबची बॅटरी संपत आली होती.

२८ मार्च
ताईने मावशींना कामावरून काढलं. जाताना त्यांनी मला विचारलं, दादा, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल का हो.
मी म्हणालो, तपासून घ्या.

३० मार्च, दुपारी
फंक्शन तयार. नोड, ब्राउझर, टेस्ट, सगळीकडे तीच फाइल. न मिळाल्यास लालभडक एरर. वर शेरा लिहिला: चूक लपवणारा कोड हा गुन्हा आहे. तीनदा वाचला. मग खोडला.
हे वाचणारा माझ्याशिवाय कोणी नाही, तेव्हा तुलाच सांगतो. लॅपटॉप मिट. चपला घाल. ताईकडे जा आणि सांग, टॅबवर नाव नव्हतं.